हस्तातली पाखरं

भावाने पुण्याहून फ्लाय फिशिंगची काठी आणून दिली ती २०१७ च्या दिवाळीत. नऊ फुटी, चार नंबरची, चार तुकड्यांत सुटणारी. हातात धरली की वजन जाणवत नाही. गरवणं आमच्या घरात लहानपणापासून होतं. बांबूची काठी, गरी, गरीला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. पण गरीला पिसं आणि दोरा गुंडाळून तिचा किडा, म्हणजे फ्लाय, करायचा, आणि तो पाण्यावर असा उतरवायचा की माशाला खरा वाटावा, हे मला नवीन होतं. दोर फेकायला अंगणात शिकले. वीस हातांवर सूप ठेवायचं आणि त्यात फ्लाय पाडायची. महिन्याभरात जमलं. आता मासे लागायला हरकत नाही असं मला वाटलं.

मी चिपळूणला शाळेत विज्ञान शिकवते. माहेर सह्याद्रीच्या पायथ्याला, वाशिष्ठी नदीला मिळणाऱ्या एका पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर. नदीवर जायचे माझे दिवस म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. २०१८ च्या जानेवारीपासून मेअखेरपर्यंत मी सतरा वेळा गेले. वहीत प्रत्येक खेप लिहिलेली आहे. सतरा खेपांत मिळून चार मासे, चारही वीतभराच्या आतले. फेक चांगली पडत होती, दोर बारीक होता, सावली पाण्यावर पडू देत नव्हते, तरी मासा वर बघायला तयार नव्हता.

माझ्याजवळ एक तक्ता होता. पाण्यात वाढणारे किडे कोणत्या महिन्यात पंख फुटून बाहेर पडतात, त्या दिवसांत कोणती फ्लाय बांधायची, याचे असे तक्ते फ्लायवाले पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. कारण सरळ आहे. एरवी हे किडे दगडाखाली लपलेले असतात. एका विशिष्ट वेळी ते शेकड्यांनी वर येतात, त्या वेळी मासा दुसरं काही खात नाही. ती वेळ गाठली तर फ्लायला अर्थ, नाहीतर नुसता हाताला व्यायाम. पण माझा तक्ता थंड मुलखातल्या, ट्राउट माशाच्या नद्यांचा होता. तिथे मे महिना म्हणजे सुगी. मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या किड्याचं नावच त्या महिन्यावरून पडलंय. आमच्याकडे मे महिन्यात पऱ्या म्हणजे चार डोह आणि मधे तापलेले गोटे. मेच्या एका दुपारी पाण्यात थर्मामीटर धरला तर ३१ अंश! डोहातले मासे सावलीच्या बाजूला तोंडं वर करून श्वास घेत होते. त्या पाण्यात मी फ्लाय टाकत उभी होते, हे आठवलं की आजही वाईट वाटतं. दमलेल्या माशाला दोरावर खेळवून सोडून दिलं तरी तो जगेलच असं नाही. आता पाणी २८ च्या वर गेलं की मी काठी बाहेर काढत नाही.

त्याच मे महिन्यात एक दिवस मुख्य नदीवर गेले. वाशिष्ठीला उन्हाळ्यातही पाणी असतं, कारण कोयनेचं पाणी बोगद्यांतून घाट उतरून पोफळीला, पुढे कोळकेवाडीला वीज करतं आणि मग अवजल म्हणून वाशिष्ठीत येतं. नदीच्या मधल्या कातळावर उभी राहून फेकत होते. आभाळ निरभ्र. पाणी आधी घोट्याला लागलं, मग पोटरीला. मला वाटलं, मीच उतारावर सरकतेय. गुडघ्याच्या वर आलं तेव्हा कळलं की पाणी चढतंय. कातळावरून काठाला येताना मधल्या खोलगट जागी कंबरेपर्यंत बुडाले, फ्लायचा डबा वाहून गेला. भिजून घरी आले तेव्हा तात्या पडवीत बसले होते. तात्या आमच्या भावकीतले, वडिलांपेक्षा मोठे, आयुष्यभर जाळं घेऊन पागायला आणि गरवायला जाणारे.

"अगो बाय, रविवार बघून पान्यात उतरतात काय?" ते म्हणाले. "विजेचा पानी कधी सुटंल त्याचा नेम नाय. आनि मासा काय भिंतीवरचा कॅलेंडर बघून खातो? तो पानी बघतो."

मग म्हणाले, "पैला पाऊस पडूदे. पाखरं उडतील त्या सांजंला ये. मग बघ."

त्या वर्षी मृग लागला आणि पाऊसही लगेच आला. शाळा उघडायला अजून आठवडा होता. दोन दिवस झोडपून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडीप मिळाली, आणि जमिनीतून वाळवीची पाखरं बाहेर पडली. बांधातून, अंगणातल्या भेगांतून, माडाच्या बुंध्याशी असलेल्या वारुळातून धूर निघावा तशी. घरातले दिवे मालवले, तरी चिमणीवर येऊन पंख गाळत होती. मी काठी घेऊन साकवावर, पऱ्यावरच्या लहान पुलावर, गेले. पऱ्याला लाल पाणी आलं होतं, पण काठच्या संथ पट्ट्यात पाखरांचा थर तरंगत होता आणि पाण्याला उकळी फुटल्यासारखे मासे फुटत होते. तपकिरी पिसांची एक जाडसर फ्लाय होती ती टाकली. पहिल्याच फेकीला मासा. दुसऱ्या फेकीला मासा. अर्ध्या तासात सात. सतरा खेपांत चार, आणि इथे अर्ध्या तासात सात!

सातवी एक छोटी खडस होती, हातभर तरी असेल. गरी सोडवायला तिला पाण्यातच तळहातावर आडवी धरली तेव्हा पोट बोटांना गच्च लागलं, आणि माझ्या अंगठ्याच्या नकळत दाबाने पिवळसर दाणे सुटून तळहातावर आले. गाबोळी, माशाची अंडी. मोहरीपेक्षा मोठे, ओलसर, एकमेकांना न चिकटलेले. पाण्याने ते धुऊन नेले. मी आधीचे मासे आठवले. सगळ्यांचीच पोटं तशी होती, मी लक्ष दिलं नव्हतं.

चढणीचे मासे हा आमच्या कोकणात पावसाचा पहिला सण असतो. पहिल्या लोंढ्याला मासे नदीतून पऱ्यात, पऱ्यातून शेतात चढतात, तिथे अंडी घालतात. लोक बत्ती घेऊन जातात, खोईन, म्हणजे माशांचा सापळा, लावतात, काठीनेही मारतात. मीही लहानपणी फ्रॉकच्या ओच्यात भरून आणलेत. तात्या सांगतात, त्यांच्या लहानपणी पहिल्या रात्रीचे मासे वाटूनही उरायचे, सुकवावे लागायचे. आता रात्रभर बसून एक वेळचं कालवण होतं. चढणीचा एक मासा मारला म्हणजे त्याच्या पोटातली सगळी पुढली पिढी गेली. याच्याशी वाद घालायला जागा नाही असं मला वाटतं, आणि घरात मी हे बोलून बरेच शब्द ऐकलेत. तो दिवस वर्षातला सर्वांत हमखास दिवस आहे. पाखरांचं उडणं आणि माशांचं चढणं एकाच पावसावर अवलंबून आहे, म्हणून. त्या संध्याकाळनंतर मी त्या दिवशी कधी काठी नेली नाही. साकवावर बसून बघते. बघण्यासारखंच असतं ते.

पण मग प्रश्न उरला: जायचं कधी?

उत्तर दगडाखाली होतं. श्रावणात पाणी जरा ओसरलं तेव्हा मी शाळेतली पांढरी एनॅमलची ताटली घेऊन पऱ्यावर गेले आणि वाहत्या पाण्यातले मुठीएवढे गोटे उलटून ताटलीत धुवायला लागले. विज्ञानाच्या पुस्तकात कीटकांचं जीवनचक्र मी दरवर्षी शिकवत होते. माझ्या घरामागच्या पऱ्यात ते कसं दिसतं, हे मात्र पहिल्यांदा बघत होते. चपटी, दगडाला चिकटून सरपटणारी पिल्लं. दुसरी निमुळती, माशासारखी सुळकन पोहणारी. दोन्हींच्या पोटाच्या बाजूंना पानांसारखे कल्ले, सतत हलणारे, आणि मागे दोन किंवा तीन शेपट्या. ही मेफ्लायची पिल्लं. काही दगडांवर वाळूचे कण रेशमाने जोडून केलेली बारीक नळी चिकटलेली असायची. ती कॅडिस नावाच्या दुसऱ्या किड्याच्या अळीची. आत हात लावला की अळी डोकं आत ओढून घेते.

तात्यांना दाखवलं तर ते म्हणाले, "हे सगलं आमी बघितलेलं. नाव नव्हतं म्हाईत."

मेफ्लायच्या पिल्लाच्या पाठीवर, मानेमागे, पंखांच्या दोन पिशव्या असतात. लहान पिल्लात त्या अंगाच्याच रंगाच्या. जसजशी बाहेर पडायची वेळ जवळ येते तसतशा त्या गडद होत जातात आणि शेवटी काळ्या कुळकुळीत होतात, कारण आत घडी घातलेला पंख तयार झालेला असतो. ताटलीतल्या वीस पिल्लांमधली पाच-सहा काळ्या पिशव्यांची दिसली, की पुढच्या दोन-चार संध्याकाळींत पाखरं उडणार. हे मला कुठल्या तक्त्याने सांगितलं नाही. तीन महिने ताटली धुऊन, रोज लिहून कळलं. माझ्यासारख्या रविवारवालीला याच्याइतकी उपयोगाची दुसरी गोष्ट नाही. आता बुधवारी तात्या दगड उलटतात आणि फोन करतात: "पिशव्या काळ्या झाल्या गो." मग मी शनिवारची अर्धी रजा टाकते.

आणखी खुणा आहेत. पडवीतल्या दिव्याखाली पांढरं धोतर पसरून ठेवायचं. सकाळी त्यावर काय पडलंय ते बघायचं. साकवाच्या खालच्या बाजूला कोळ्यांची जाळी असतात. त्यांत नाजूक, धुरकट पंख अडकलेले दिसले म्हणजे आदल्या रात्री पाखरं उडाली. संध्याकाळी पाकोळ्या आणि भिंगऱ्या पाण्यापासून हातभर उंचीवर फेऱ्या घालायला लागल्या, की आताच उडतायत. आणि धोबी पक्षी. करडा धोबी पावसाळा सरता सरता उत्तरेकडून आमच्या पऱ्यावर येतो, गोट्यांवर शेपटी हलवत फिरतो आणि काठाला लागलेली पाखरं टिपतो. सहा वर्षांच्या नोंदींत तो आला आणि पंधरवड्याच्या आत हस्तातली पहिली मोठी उडण झाली नाही, असं एकदाच झालंय.

महिन्यांपेक्षा मला नक्षत्रं जास्त उपयोगी पडली. थंड मुलखात पाणी बर्फासारखं गार होतं आणि वसंतात तापतं, म्हणून तिथल्या किड्यांना महिना ठरवून बाहेर यावं लागतं. आमच्याकडे पाणी बारा महिने कोमट. बऱ्याच मेफ्लायच्या वर्षाला अनेक पिढ्या होतात, आणि थोडीफार पाखरं केव्हाही उडतात. खरा लगाम पावसाचा. आर्द्रा ते आश्लेषा पऱ्याला लोंढा असतो, गोटे गडगडत जातात, पाणी गढूळ. तेव्हा मासा वर बघत नाही. मघा-पूर्वात पाणी हळूहळू निवळतं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हस्त लागतो. सकाळी लख्ख ऊन, दुपारनंतर पूर्वेला ढग, एखादी गडगडाटाची सर, आणि मग शांत संध्याकाळ. त्या पाण्याचा तळ दिसतो, पण धार अजून जिवंत असते. हस्त, चित्रा आणि अर्धी स्वाती, म्हणजे साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा शेवट, हा माझा हंगाम. पुढे थंडीत डोहावर दुपारी अकरा-बाराला बारीक, डासांसारखे पण न चावणारे किडे निघतात. त्यांची फ्लाय तांदळाच्या दाण्याहून लहान बांधावी लागते आणि मासेही तितकेच लहान मिळतात. तो खेळ मला फारसा भावला नाही.

मेफ्लायचं बाहेर पडणं जवळून पाहिलं ते २०१९ च्या ऑक्टोबरात. काठच्या शेरणीच्या झुडपाला टेकून बसले होते. साडेपाच वाजून गेले असतील. पाण्यावर एक कण वर आला, थरथरला, त्याचं कवच पाठीवर फाटलं आणि त्यातून उभ्या पंखांचं पाखरू निघून होडीसारखं वाहत खाली आलं. हातभर जाऊन उडालं ते थेट माझ्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याशेजारी. पंख राखाडी, मळकट काचेसारखे. तसंच बसून राहिलं. मीही हात हलवला नाही. अंधारायला लागलं तेव्हा त्याची पाठ पुन्हा फाटली आणि आतून दुसरं पाखरू निघालं. अंग चकाकतं, पंख पारदर्शक, पुढचे पाय लांब, शेपट्या पहिल्यापेक्षा दीडपट. पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा हा एकच कीटक-गट आहे. मागे राहिलेली कात पंखांसकट माझ्या मनगटावर होती, फुंकरीने उडेल इतकी हलकी. नव्या पाखराला खायला तोंड नसतं. उरलेल्या तासांत जोडीदार शोधायचा, अंडी पाण्यात सोडायची, एवढंच काम. मुलांना दाखवायला ती कात मी काडेपेटीत ठेवून शाळेत नेली.

तरी मासे लागत नव्हते, हेही सांगायला हवं. पाण्यावर वलयं उठत होती, पाखरं वाहत होती, आणि माझी फ्लाय त्यांच्यातून तशीच निघून जायची. तीन संध्याकाळ असं झालं. चौथ्या संध्याकाळी काठी बाजूला ठेवून फक्त बघत बसले. वलय उठताना माशाचं तोंड दिसत नव्हतं, पाठ दिसत होती. म्हणजे पहिल्या अर्ध्या तासात मासा वरची पाखरं खातच नव्हता. पाण्याच्या पापुद्र्याखाली, कवचातून सुटायला धडपडणारी पिल्लं टिपत होता. ती पळू शकत नाहीत. घरी येऊन फ्लाय बदलली. आमच्या गावठी कोंबड्याच्या मानेची राखाडी-तांबूस पिसं, आईच्या शिवणाच्या डब्यातला तपकिरी दोरा, सोळा नंबरची बिनकाट्याची गरी. पिसांचा खालचा अर्धा भाग कात्रीने कापून टाकला, म्हणजे फ्लाय पाण्यावर उभी न राहता त्यात अर्धी रुतते. दुसऱ्या दिवशी साडेपाच ते सहा या फ्लायवर पाच मासे: तीन दांडवण, एक निळ्या उभ्या पट्ट्यांचा, आणि एक खडस, जिने दोर डोहाच्या तळाशी नेला आणि मला दोन मिनिटं श्वास घेऊ दिला नाही. सूर्य गेल्यावर मग तोंडं दिसायला लागली. तेव्हा उभी राहणारी फ्लाय लावली. पाण्यात ओला हात करून प्रत्येक मासा सोडला. तात्यांना हे सोडून देणं आधी पटलं नव्हतं. आता ते स्वतःच पाण्यात हात घालून मासा तोंडाने धारेकडे धरतात, तो शेपटी मारेपर्यंत.

ढग असले तर उडण चार वाजता सुरू होते आणि रेंगाळते. लख्ख ऊन असेल तर सूर्यास्ताच्या आसपास पाऊण तासात आटोपते. वाऱ्याच्या संध्याकाळी घरी बसावं. आदल्या रात्री डोंगरात सर पडली असेल तर पाणी हातात घेऊन बघावं. बोटं स्वच्छ दिसली तर जावं.

मुख्य नदीवर हे गणित चालत नाही. तिथे पाणी निसर्गाच्या घड्याळाने चढत-उतरत नाही. काठावरचे गोटे दिवसातून उघडे पडतात, पुन्हा बुडतात, आणि त्यांच्याखाली मला कधीच पऱ्याइतकी पिल्लं सापडली नाहीत. वीज लागतेच, माझ्या घरातला पंखाही त्याच विजेवर फिरतो. पण नदीवर उभं राहायचं तर मी पऱ्यावरच राहते.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्याला पाणी लागलं, ते सगळ्यांनी पाहिलं. आमच्या पऱ्याने त्या दिवशी साकवाचा एक खांब नेला आणि तळच पालटून टाकला. माणसांचे संसार चिखलातून उचलण्यात ऑगस्ट-सप्टेंबर गेला, ताटलीची आठवणही झाली नाही. हस्तात जाऊन दगड उलटले तर खाली वाळू आणि गाळ. वीस दगडांत दोन पिल्लं, तीही पांढुरकी, नुकती जन्मलेली. धोबी आला होता. गोट्यांवर फिरून फिरून निघून गेला. त्या वर्षी वहीत ऑक्टोबरचं पान कोरं आहे. नाताळच्या सुट्टीत बघितलं तेव्हा बारीक पिल्लं होती, बरीच. वरच्या रानातल्या ओहोळांना पूर लागला नसावा, तिथून ती वाहत आली असणार. पुढच्या हस्तात उडण झाली. जाळ्यांत पंख पाहून मी साकवावरच बसले आणि मला रडू आलं.

साकव आता सिमेंटचा झालाय. कोळ्यांना त्याच्या खाली जाळी विणायला दोन वर्षं लागली.

काल रात्री तात्यांचा फोन आला. आवाज बारीक झालाय, पण बातमी स्पष्ट होती.

"धोबी आलाय गो. उद्या दगड उलटतो."